बेसमेंटच्या कार्पेटखाली ९ बाय ९ च्या जुन्या टाइल्स निघाल्यात. ॲस्बेस्टॉस असेल का? काढाव्यात की राहू द्याव्यात?

गार्गी_जर्सी

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत रॅरिटन नदीच्या बाजूला आम्ही नुकतंच १९५४ सालचं घर घेतलंय. बेसमेंटमधल्या कार्पेटला दमट वास येत होता, म्हणून नवऱ्याने भिंतीलगत एका कोपऱ्यातून ते उचललं. खाली विटकरी आणि काळपट हिरव्या अशा एकाआड एक चौकोनी टाइल्स निघाल्या. रंगात बारीक पांढरट रेघा आहेत. मोजल्या तर नऊ इंच बाय नऊ इंच.

कार्पेट धरून ठेवणारी खिळ्यांची लाकडी पट्टी थेट टाइलमधून काँक्रीटमध्ये ठोकलेली आहे. ती पट्टी उचकटताना भिंतीकडच्या काही टाइल्स तडकल्या, एक अख्खी सुटून आली. तिच्याखाली डांबरासारखा काळा थर आहे. शिवाय बऱ्याच सांध्यांमध्ये पांढरी भुकटी दिसते. ती पाहून माझ्या पोटात गोळाच आला.

काँट्रॅक्टरचं म्हणणं: "टेस्ट वगैरे काही लागत नाही, शनिवारी येतो, मशीनने खरवडून अर्ध्या दिवसात कचऱ्याच्या डम्पस्टरमध्ये टाकून देतो." घरात साडेतीन वर्षांचा मुलगा आहे आणि पुढच्या महिन्यात सासूबाई पुण्याहून येणार आहेत, त्यांची झोपायची खोली खालीच आहे. जाणकारांनी कृपया सांगा, काय करू? दार लावून ठेवलंय आणि कुणालाही खाली जाऊ देत नाहीये.

शिसवी

गार्गी, शनिवारच्या काँट्रॅक्टरला आत्ता फोन करून थांबव. बाकीचं सगळं त्यानंतर.

मी ओहायोत पर्यावरणाच्या प्रयोगशाळेत काम करते. घरांमधून आलेले फरशीचे, छताचे, पाइपांच्या वेष्टनाचे नमुने रोज हाताखालून जातात. तू वर्णन केलेली फरशी पाहिल्याबरोबर आम्ही "असणारच" असं धरून चालतो. नऊ इंची टाइल, १९८० च्या आधीचं घर, खाली काळा गोंद, हे तिन्ही एकत्र आले की शक्यता फार मोठी. विटकरी, काळा, गडद हिरवा हे रंग बहुतेक जुन्या डांबरी टाइलचे. फिक्या रंगाच्या व्हायनल टाइल नंतर आल्या, त्यांच्यातही ॲस्बेस्टॉस घालत. पण नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही. नऊ इंची असून ॲस्बेस्टॉस नसलेली टाइल मी पाहिली आहे आणि बारा इंची असून भरपूर असलेलीही पाहिली आहे. "बारा बाय बारा आहे म्हणजे सुरक्षित" असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

आता घाबरण्याचा भाग. ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे, त्याचे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक. ते हवेत गेले आणि श्वासातून फुप्फुसात उतरले तरच त्रास. टाइलमध्ये ते डांबरात किंवा व्हायनलमध्ये पक्के बसलेले असतात. अख्खी टाइल जमिनीला चिकटून आहे, तिच्यावर चाललं, पाणी सांडलं, तर काही बाहेर पडत नाही. टाइल कोरडी घासली, मशीनने खरवडली, ग्राइंडर लावला, की तंतू सुटतात. म्हणजे तुझा काँट्रॅक्टर शनिवारी नेमकं जे करणार होता ते. तुझ्या घरात त्या फरशीच्या सत्तर वर्षांत सगळ्यात धोक्याचा दिवस तोच ठरला असता.

सांध्यांतली पांढरी भुकटी बहुधा क्षार आहेत. काँक्रीटमधून ओल वर येते, सुकते आणि मागे मीठ राहतं. जुन्या बेसमेंटमध्ये हे सर्रास दिसतं. पण तीही कोरडी झाडू नकोस, ओल्या कागदाने टिपून घे.

आणि एक विचारायचंय. खाली बघितलंस, वर बघितलंस का? बेसमेंटमध्ये गरम पाण्याचे किंवा वाफेचे पाइप असतील तर त्यांच्यावर पांढरं-करडं कापडी वेष्टन आहे का? कडेने बघितलं तर आत पन्हळी पुठ्ठ्यासारखे थर दिसतात का? घर गरम करणाऱ्या भट्टीतून गरम हवा नेणाऱ्या पत्र्याच्या डक्टच्या सांध्यांवर पांढरी कागदी पट्टी चिकटवलेली आहे का? मला टाइलपेक्षा त्याची काळजी जास्त वाटते. ते वेष्टन बोटाने चुरगळतं, धक्का लागला तरी पूड पडते.

मनू_एडिसन

शिसवीताईंना पूर्ण अनुमोदन.

गार्गी, तुमच्या जवळच मॅनव्हिल नावाचं गाव आहे ना, ते नाव जॉन्स-मॅनव्हिल या ॲस्बेस्टॉसच्या कंपनीवरून पडलं. गावातली कितीतरी कुटुंबं त्या कारखान्यात कामाला होती. खटल्यांच्या ओझ्याखाली कंपनीने १९८२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. आपण रोज ज्या रस्त्यावरून जातो तिथलाच हा इतिहास आहे, म्हणून सांगतोय. या भागातल्या पन्नास-साठच्या दशकातल्या घरांमध्ये फरशी, बाहेरच्या भिंतीवरच्या सिमेंटच्या पाट्या, पाइप, कुठे ना कुठे हे सापडतंच.

एक प्रश्न: सप्टेंबर २०२१ च्या आयडा वादळात तुमच्या घरात पाणी शिरलं होतं का? आधीच्या मालकाने काही सांगितलंय? आमच्या ओळखीत पुरानंतर अशा टाइल्स गोंदापासून सुटून वर आल्या होत्या.

गार्गी_जर्सी

काँट्रॅक्टरला नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला "तुम्ही उगाच घाबरता, मी शेकडो बेसमेंट केलेत."

शिसवीताई, पाइपांवर काही नाही, उघडे तांब्याचे आहेत. डक्टच्या दोन सांध्यांवर मात्र तुम्ही म्हणता तशी पांढरी पट्टी आहे, एके ठिकाणी टोक सुटलंय. हात लावलेला नाही.

मनू, हो, आयडात पाणी आलं होतं. घराच्या कागदपत्रांत त्याची नोंद आहे. कार्पेट त्यानंतर घातलेलं दिसतंय.

टेस्टसाठी नमुना मी स्वतः काढू शकते का? घरात एन-९५ मास्क भरपूर आहेत.

शिसवी

एन-९५ यासाठी चालत नाही. ॲस्बेस्टॉसच्या कामाला नुसता कागदी मास्क वापरायला इथल्या कामगार-सुरक्षेच्या नियमांची मनाई आहे. कडेने हवा आत शिरते. रबरी अर्धा मुखवटा घे, त्याला पी-१०० ची गुलाबी फिल्टरं लाव, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. नवऱ्याला दाढी असेल तर मुखवटा बसणार नाही, नमुना तू काढ.

सुटलेली टाइल आहेच, त्यामुळे नवीन काही तोडायची गरज नाही. आधी घरातलं हीटिंग आणि पंखे बंद कर. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब घाल, साबणामुळे पाणी आत मुरतं. टाइल आणि आजूबाजूची जागा नीट ओली होऊ दे. सुटलेल्या टाइलचा रुपयाएवढा तुकडा ओल्या अवस्थेत झिपच्या पिशवीत घाल. मग ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. काळ्या गोंदाचा चिमूटभर नमुना वेगळ्या पिशवीत, कारण कधी टाइलमध्ये असतं आणि गोंदात नसतं, कधी उलटं. दोन्ही रंगांच्या टाइल वेगवेगळ्या पाठव. जागा ओल्या कागदाने पूस, तो कागदही पिशवीत. घरचा व्हॅक्यूम लावू नकोस, त्याच्या फिल्टरमधून हे तंतू आरपार जातात आणि घरभर पसरतात. झाडूही नको.

डक्टवरच्या पट्टीला तू हात लावू नकोस. तिचा नमुना परवानाधारक तपासनीस घेईल.

प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे का ते बघ. आम्ही आधी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. इथे एक बारकावा आहे, तो फारसं कुणी सांगत नाही. टाइलमधले तंतू फार बारीक दळलेले असतात आणि डांबरात बुडालेले असतात, त्यामुळे या तपासणीत ते निसटू शकतात. "आहे" असं उत्तर आलं तर विषय संपला. "नाही" असं आलं आणि तुला टाइल काढायच्याच असतील, तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची तपासणी मागून घे. थोडे जास्त पैसे जातात, पण तिथे पैसे वाचवू नकोस. एक टक्क्याच्या वर निघालं की इथल्या नियमांप्रमाणे ते ॲस्बेस्टॉसयुक्त सामान ठरतं.

लालबागकर

धागा वाचतोय. मनापासून एक शंका विचारतो. आम्ही सगळे मुंबईत सिमेंटच्या पत्र्याखाली वाढलो. चाळीच्या वरच्या मजल्यावर डोक्यावर पत्रा, गच्चीवर पत्र्याची शेड, शाळेच्या पत्र्यावर चढून पतंग काढलेत. माझे वडील ८४ वर्षांचे आहेत, ठणठणीत. ॲस्बेस्टॉसचा एवढा धोका असेल तर अर्धी मुंबई आजारी पडायला हवी होती. अमेरिकेत जरा जास्त बाऊ करतात असं नाही का वाटत?

वैद्य_विदर्भ

लालबागकर, शंका योग्य आहे आणि उत्तर सविस्तर द्यावंसं वाटतं. मी नागपुरात छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे.

पत्र्याखाली राहणं आणि पत्रा कापणं यांत फार अंतर आहे. तुमच्या वडिलांच्या डोक्यावर पत्रा होता, पण त्याची पूड त्यांच्या श्वासात फारशी गेली नाही. आजार किती पूड किती वर्षं श्वासात गेली यावर ठरतो. म्हणून तो आधी खाणीत, कारखान्यात, गोदीत, बॉयलरवर काम केलेल्यांना झाला. त्यांच्या बायकांनाही झाला, कारण नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून त्या धूत होत्या.

आणि तो लगेच होत नाही. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा, तंतू आत गेल्यावर वीस, तीस, चाळीस वर्षांनी उमटतो. तोपर्यंत माणूस ते काम विसरलेला असतो. सत्तरीतला रुग्ण समोर बसतो, छातीत पाणी झालेलं असतं, दम लागतो. आपण विचारतो, "काय काम करत होतात?" तो म्हणतो, "शेती." अजून खोदून विचारलं की कळतं, तरुणपणी काही वर्षं पत्र्याच्या कारखान्यात होता. हा प्रश्न कुणी विचारलाच नाही तर कागदावर नुसता "कॅन्सर" किंवा टीबी राहतो. आपल्याकडे हा आजार दिसत नाही असं म्हणण्यापूर्वी आपण तो शोधतो का, हे बघायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढरा क्रायसोटाइलसुद्धा, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेत. भारतात खाणींना परवाने देणं १९८६ मध्ये थांबवलं, पण क्रायसोटाइल बाहेरून आणणं आणि त्याचे पत्रे बनवणं चालूच आहे.

सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासात हे तंतू गेले तर फुप्फुसाच्या कॅन्सरची जोखीम नुसती बेरजेने वाढत नाही, कितीतरी पट होते. हे प्रत्येक गवंड्याला, प्लंबरला सांगायला हवं.

गार्गीताई, तुम्हाला: एकदा काही टाइल्स तडकल्या म्हणून मुलाला काही होईल अशी भीती मनात धरू नका. एवढ्याशा संपर्कातली जोखीम अगदी कमी असते. यासाठी मुलाचा एक्स-रे काढायची काही गरज नाही, त्यात काही दिसणारही नाही. इथून पुढे धूळ होऊ द्यायची नाही, एवढं पुरे.

लालबागकर

डॉक्टरसाहेब, आभार. कपडे धुणाऱ्या बायकांचं माहीत नव्हतं. माझा मामा गोदीत जहाजांच्या बॉयलरवर होता, शेवटची वर्षं दम्यात गेली असंच आम्ही धरून चाललो होतो. आता मामीला एकदा तपासायला नेतो.

कांगारू_कट्टा

मेलबर्नहून. आमच्याकडे ३१ डिसेंबर २००३ पासून पूर्ण बंदी आहे, पण जुनी घरं भरलेली आहेत. न्हाणीघराच्या भिंतीतल्या सिमेंटच्या पाट्या, व्हरांड्याचं छत, कुंपण. कॅनबेरात तर एका ठेकेदाराने सुटं ॲस्बेस्टॉस घरांच्या छतात भुसा भरावा तसं भरलं होतं. शेवटी सरकारने अशी हजारावर घरं विकत घेऊन पाडली.

इथे घराचं काम काढायच्या आधी तपासणी करून घेणं लोकांच्या अंगवळणी पडलंय. कामगार स्वतःच विचारतो, "रिपोर्ट दाखवा, मग हात लावतो." गार्गी, विचारणारा काँट्रॅक्टर शोधा. न विचारणाऱ्याला पैसे देऊ नका.

गार्गी_जर्सी

रिपोर्ट आला. दोन्ही रंगांच्या टाइल्समध्ये क्रायसोटाइल आहे. काळ्या गोंदात नाही. डक्टच्या पट्टीत भरपूर निघालं, तपासनिसाच्या आवाजावरूनच कळलं. परवानाधारक माणसं बोलावून पट्टीचा तो भाग प्लास्टिकने गुंडाळून डक्टच्या तुकड्यासकट काढून घेतला.

आता फरशीचं. एकाने सगळी काढून द्यायचा भाव सांगितला, ऐकून आम्ही खालीच बसलो. दुसरा म्हणतो झाकून टाका. कायद्याने काढावीच लागते का?

शिसवी

काढावीच लागते असा कायदा नाही. चार किंवा त्याहून कमी बिऱ्हाडांच्या राहत्या घरांना पाडकामाचे केंद्रीय नियम लागू होत नाहीत. राज्याचे आणि गावाचे मात्र असू शकतात, म्हणून टाउनच्या बांधकाम खात्यात एकदा जाऊन ये, विशेषतः कचरा कुठे टाकायचा ते विचारायला. डम्पस्टरमध्ये गुपचूप टाकलं तर तो उचलणारा माणूस उघड्या हातांनी उचलणार आहे, हे लक्षात ठेव.

मी झाकायच्या बाजूने आहे. पण तुझ्या घरात पूर येऊन गेलाय, म्हणून आधी ओलीचं बघ. खालून पाणी येत राहिलं तर गोंद सुटतच राहील आणि वर काहीही घातलंस तरी ते फुगेल. छताच्या पाण्याचे पाइप घरापासून लांब सोडलेत का, अंगणाचा उतार घराकडे आहे की बाहेर, तळघरातलं पाणी उपसणारा खड्ड्यातला पंप चालतो का, हे सगळं आधी. मग एक पावसाळी आठवडा जाऊ दे आणि फरशी कोरडी राहते का बघ.

कोरडी राहिली तर सुटलेल्या आणि तडकलेल्या तेवढ्या टाइल्स काढायच्या. ओल्या करायच्या, पातळ पटाशी कडेने सरकवून शक्य तितक्या अख्ख्या उचलायच्या, हातोडा मारायचा नाही. सहा मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीच्या प्लास्टिक पिशवीत घालून तोंड चिकटपट्टीने बंद, त्यावर दुसरी पिशवी, वर "ॲस्बेस्टॉस" असं ठळक लिहायचं. हेही त्या परवानाधारक माणसांकडूनच करून घेतलंस तर उत्तम, थोड्याच आहेत. खड्डे भरणीच्या मसाल्याने सपाट करायचे. वर एकमेकांत अडकणाऱ्या फळ्यांची तरंगती फरशी घालायची, तिला खिळा लागत नाही. काळा गोंद तसाच राहू दे. तुझ्या गोंदात ॲस्बेस्टॉस नसलं तरी तो काढायला वापरतात ती द्रावणं बंद तळघरात फार वास करतात, काही पेट घेणारी असतात.

कार्पेट पुन्हा घालू नकोस. त्याला पुन्हा खिळ्यांची पट्टी लागेल.

आणि झाकण्याआधी फोटो काढ, रिपोर्टसोबत घराच्या कागदांत ठेव. पुढे कधी प्लंबर येऊन जमीन फोडायची म्हणाला, किंवा घर विकलंत, तर त्या माणसाला हे आधी कळायला हवं. झाकून विसरून जाणं सगळ्यात वाईट.

सचिव_बी_विंग

ठाण्याहून लिहितोय, आमची सोसायटी १९७९ ची. हा धागा वाचून इमारतीला एक चक्कर मारली. घरांमध्ये मोझॅक आहे, काही ठिकाणी शहाबादी. त्यात ॲस्बेस्टॉस नसतं ना? बाहेरून उतरलेले सांडपाण्याचे करडे जाड पाइप मात्र सिमेंटचे आहेत. पुढच्या महिन्यात बाहेरची दुरुस्ती निघतेय, प्लंबर ते कापून पीव्हीसी बसवणार आहे.

बांधकामवाला_चिपळूण

मोझॅकमध्ये संगमरवराची खडी आणि सिमेंट, शहाबादी आणि कडप्पा तर दगडच. त्यांची काळजी नको. (तीही ग्राइंडरने कोरडी कापली तर दगडाची धूळ फुप्फुसात जाते, तो वेगळा आजार, पण पाणी मारूनच कापा.) मंगलोरी कौलं भाजलेल्या मातीची. व्हायनलच्या नऊ इंची टाइल आपल्याकडे घरांत क्वचितच. आपल्याकडे बघायचं ते पत्रे, सिमेंटचे पाइप, जुन्या गच्चीवरच्या सिमेंटच्या टाक्या आणि पोटमाळ्याच्या किंवा संडासाच्या आडोशाला लावलेल्या सपाट पाट्या.

तुमचे पाइप त्या काळातले आणि करडे सिमेंटचे असतील तर ॲस्बेस्टॉसचेच धरा. प्लंबरला ग्राइंडर लावू देऊ नका. पाइप मध्येच कापायची गरज नसते, ते एकमेकांत सॉकेटने बसवलेले असतात. पाणी मारत सांधा मोकळा करायचा, क्लँप सोडायचा आणि अख्खा तुकडा दोरीने खाली उतरवायचा. वरून फेकायचा नाही. त्या दिवशी त्या बाजूच्या खिडक्या बंद, खाली मुलं खेळत नाहीत ना बघा. टेंडरमध्येच ही ओळ घाला, म्हणजे ठेकेदार त्याचा भाव धरेल. नंतर तोंडी सांगून कुणी करत नाही.

तांबडी_माती

दापोली तालुक्यातून लिहितोय. इथे कुणाच्या घरात टाइल नाहीत, पण हा विषय आमच्या गावाचाच आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा गावातली अर्धी छपरं उडाली. कौलं फुटली, पत्रे झाडांवर, शेतात, विहिरीच्या काठावर. पाऊस डोक्यावर होता, मिळतील ते पत्रे लोकांनी चढ्या भावाने आणून घातले, पुन्हा सिमेंटचेच. फुटलेल्या पत्र्यांचे ढीग पडले होते. त्याचं काय करणार? पाणंदीत चिखल होतो म्हणून तुकडे तिथे पसरले. आमच्या घरापासून रस्त्यापर्यंतची वाटही त्यानेच भरली. त्यावरून बैल जातात, मोटारसायकली जातात, उन्हाळ्यात पांढरट धूळ उडते. पोरं त्यातले चपटे तुकडे घेऊन लगोरी खेळतात.

शिवाय गोठ्याचा पत्रा आमच्या आजोबांच्या काळचा आहे, वर शेवाळ, कडा भुसभुशीत. आगोटीच्या आत बदलायचाय. गावातला गडी म्हणतो, घणाने फोडून खाली पाडतो, दुपारपर्यंत मोकळं. आता वाचल्यावर त्याला हो म्हणवत नाही. तो माझ्या बरोबरीचा आहे, शाळेत एका बाकावर होतो.

बांधकामवाला_चिपळूण

दादा, बरं झालं लिहिलंत. आधी गोठा.

पहिला धोका धुळीच्याही आधीचा आहे. जुन्या सिमेंट पत्र्यावर पाय देऊ नये, तो न सांगता तुटतो आणि माणूस खाली जातो. कोकणात दरवर्षी आगोटीच्या दिवसांत या पायी माणसं पडतात. वर फळ्या टाका, त्या खालच्या दोन-तीन आडव्या वाशांवर टेकल्या पाहिजेत, आणि माणूस फळीवरूनच फिरला पाहिजे. शक्य असेल तिथे खालून मचाण बांधून काम करा. गुरं त्या दिवशी दुसरीकडे बांधा, गवत-पेंढा आधीच हलवा, नाहीतर धूळ त्यात बसेल.

पत्रे आदल्या संध्याकाळी आणि काढताना पाण्याने भिजवा, पंपाची बारीक फवारणी पुरे. शेवाळ तारेच्या ब्रशने घासायचं नाही, गाडी धुवायच्या पंपाने तर नाहीच. गंजलेले हूक फिरवत बसू नका, पत्रा तिथेच फुटतो. हूकाचं टोक बोल्ट-कटरने तोडा. मग दोघांनी अख्खा पत्रा उचलून दोरीवर खाली सोडायचा, खाली दोघांनी धरायचा. घण नको, फेकाफेक नको. दुपारपर्यंतचं काम दोन दिवसांवर जाईल, त्याची मजुरी गड्याला द्या. रबरी मुखवटा आणि फिल्टरं चिपळुणात औद्योगिक सामानाच्या दुकानात मिळतात. काम झाल्यावर कपडे घरी न्यायचे नाहीत, तिथेच भिजवून धुवायचे. वहिनींना झटकायला देऊ नका, वर डॉक्टरांनी सांगितलंय ते आठवा.

नवीन काय घालायचं? रंगीत लोखंडी पत्रा तापतो आणि पावसात वाजतो, पण गोठ्याला चालतो. खाऱ्या वाऱ्याला गंजतो, तेव्हा मुलामा चांगला बघून घ्या. ॲस्बेस्टॉस नसलेले, कृत्रिम तंतूंचे सिमेंट पत्रेही मिळतात, दुकानदाराकडे नेमकं विचारा आणि बिलावर लिहून घ्या. माझ्या मते कौलं परवडत असतील तर कौलंच.

वाटेचं: ती उकरू नका. उकरलंत तर सगळं पुन्हा हवेत येईल. मोठे तुकडे भिजवून हाताने उचला, बाकीच्यावर जांभ्याची माती दाबून बसवा किंवा पंचायतीकडून त्यावर कोबा करून घ्या. नुसती माती पावसात वाहून जाईल, कोबा टिकतो. पोरांना लगोरीला दगड शोधून द्या.

वैद्य_विदर्भ

याला जोड: त्या गड्याने आत्तापर्यंत अनेक गोठे असेच फोडले असतील. त्याला दम लागत असेल, कोरडा खोकला महिनोन्‌महिने असेल तर एकदा छातीचा एक्स-रे आणि फुंकायची तपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांना "पत्रे फोडायचं काम करतो" हे आवर्जून सांगा. विडी ओढत असेल तर सोडायला लावा. बाकी सगळ्यापेक्षा त्याचा त्याला जास्त फायदा होईल.

तांबडी_माती

दोघांचेही आभार. गड्याशी बोललो. विडी ओढतोच. मुखवट्याचं म्हटल्यावर आधी नको म्हणाला, मग कपडे धुणाऱ्या बायकांचं सांगितलं तेव्हा गप्प झाला आणि "वहिनीला काय होता कामा नये" म्हणून तयार झाला. दोन दिवसांची मजुरी ठरली. लाकडी फळ्या शेजारी देतोय.

एक राहिलं. काढलेले पत्रे जाडजूड प्लास्टिकमध्ये बांधून ठेवीन, पण नंतर कुठे द्यायचे? विहिरीच्या खड्ड्यात पुरायचं नाही हे ठरलंय.

बांधकामवाला_चिपळूण

घातक कचरा जिथे शास्त्रीय पद्धतीने पुरतात अशा जागा राज्यात आहेत, तळोज्याला आहे, रांजणगावला आहे. दापोलीला तळोजा जवळ. पण त्या कारखान्यांच्या कचऱ्यासाठी चालतात, एका गोठ्याचे पत्रे घेऊन कुणी गेलं तर भाडंच परवडणार नाही. ग्रामपंचायतीने गावभरचे पत्रे एका शेडमध्ये गोळा केले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयाकडे पत्र दिलं तर एक गाडी भरू शकते. पत्राचा मसुदा मी करून देतो. व्यक्तिगत निरोपात गावाचं नाव कळवा.

तांबडी_माती

निरोप पाठवलाय. सरपंचांना भेटतो, ग्रामसभेत विषय घ्यायला सांगतो. निसर्गनंतर श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड या बाजूला कुठल्या पंचायतीने असे तुकडे गोळा करून पाठवले असतील, तर त्यांनी गाडी कशी ठरवली, खर्च कुठल्या निधीतून टाकला, ते कृपया इथे लिहा. सभा पावसाच्या आधी आहे.